फॉरमॅट मारण्याआधी सातबारा बघा

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, घरी आम्ही मालवणी बोलतो आणि मराठी शाळेत होतं ते सेकंड लँग्वेज म्हणून. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. त्यात मराठी विभागाच्या संपादिका माझ्याच विंगमध्ये राहतात आणि त्यांनी तंबी दिलीय की रोमन अक्षर एकही चालणार नाही, कमांडसुद्धा देवनागरीतच पाहिजे. तेव्हा खाली जिथे कमांड दिसेल ती मनातल्या मनात रोमन करून घ्या. टाइप करताना विसरलात तर मशीन 'कमांड नॉट फाउंड' म्हणेल आणि शिव्या मला बसतील.

विषय आहे आमच्या लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममधला पीसी. लॅबमधून बाद झालेला, जुना, पण तब्येतीने धडधाकट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ने याचा प्रोसेसर बघून नाक मुरडलं. अशा मशीनला दोनच वाटा, एक भंगारवाल्याची आणि दुसरी लिनक्सची. आम्ही लिनक्स मिंट टाकलं. मुलींना सवय व्हायला आठवडा लागला, नंतर कोणी तक्रार केली नाही. 'अभ्यास' नावाचं एक कॉमन अकाउंट होतं, सगळ्या त्यातच काम करायच्या. तिथेच घोळ झाला.

आंगणेवाडीच्या जत्रेसाठी मी घरी गेले होते. दोन दिवसांनी परत आले तर रीडिंग रूममध्ये ही गर्दी! पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा हजर. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. पासवर्ड चुकला तर मशीन तसं सांगतं. इथे तसंही काही नाही. आचऱ्याची एक सीनियर वैतागून म्हणाली, "अगो, पासवर्ड बरोबर असा, तरी माका आत घेणा नाय!" तिचं चिडणं रास्त होतं. तिच्या ग्रुपचा फायनल इयर प्रोजेक्टचा रिपोर्ट त्याच अकाउंटमध्ये होता आणि गुरुवारी रिव्ह्यू. बॅकअप? बॅकअप नेहमी दुसऱ्यांकडे असतो.

गर्दीतल्या प्रत्येकीकडे एक निदान होतं. कीबोर्डचं कॅप्स लॉक अडकलं. व्हायरस आला. लिनक्सच भंगार, तेव्हाच सांगितलं होतं. शेवटी एकीने कॉम्प्युटर रिपेअरवाल्या कोणाला तरी फोन लावला. त्याने न बघताच सांगितलं, "फॉरमॅट मारूया, अर्ध्या तासाचं काम. डेटाची गॅरंटी नाही." रेक्टर मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ देऊन टाकली.

मी गप्प होते. कारण मला वेगळीच शंका येत होती, आणि त्या शंकेत आरोपी मीच होते.

झालं असं होतं. पीसीची जुनी हार्ड डिस्क अधूनमधून कटकट आवाज करायची. जत्रेला निघायच्या दिवशी मी नवीन एसएसडी बसवली, त्यावर मिंट टाकलं, 'अभ्यास' अकाउंट नव्याने बनवलं आणि जुन्या डिस्कवरचं सगळं त्यात कॉपी केलं. साधं कॉपी करायला गेले तर परमिशन नाही म्हणाला, म्हणून पुढे 'सुडो' लावलं. 'सुडो सीपी मायनस आर', एंटर. कॉपी झालं. जुनी डिस्क तेवढं काम करून जी झोपली ती नंतर उठलीच नाही. माझी साडेचारची एसटी होती. लॉगिन करून बघायला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

म्हणजे रिपोर्टची जगातली एकमेव प्रत त्या एसएसडीवर होती आणि सकाळी दहा वाजता तिच्यावर फॉरमॅट फिरणार होता.

रात्री मेसचं जेवण झाल्यावर मी आणि माझी रूममेट खाली जाऊन बसलो. पहिलं केलं ते अगदी साधं. मशीनवर दुसरं एक अकाउंट होतं, अॅडमिनचं. त्यातून लॉगिन केलं. झटक्यात डेस्कटॉप आला! ही चाचणी कोणालाच का सुचली नव्हती? सिस्टिम ठीक, डिस्प्ले ठीक, डिस्क ठीक. दुखणं फक्त 'अभ्यास'च्या घरात होतं. मग लॉगआउट करून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं. काळा पडदा येतो आणि त्यावर नुसतं लॉगिन लिहिलेलं असतं. चित्रं नाहीत, माऊस नाही. तिथे 'अभ्यास'चा तोच पासवर्ड टाकला. आत घेतलं. म्हणजे पासवर्डही बरोबर. आचऱ्याची ताई खरंच बोलत होती.

मग 'एलएस मायनस एलए' मारलं. त्यातला 'ए' महत्त्वाचा. लिनक्समध्ये ज्या फाइलचं नाव ठिपक्याने सुरू होतं ती नुसत्या 'एलएस'ला दिसत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचा दरवाजा जसा जवळ जाईपर्यंत कळत नाही, तसंच. आणि लॉगिनच्या भानगडी बहुतेक या ठिपकेवाल्यांमध्येच असतात.

यादी आली. तिसऱ्या कॉलममध्ये मालकाचं नाव असतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत रूट, रूट, रूट, रूट. फक्त तीन फाइलींवर 'अभ्यास' होतं, ठिपका-बॅशआरसी, ठिपका-प्रोफाइल आणि ठिपका-बॅश-लॉगआउट. या तीन फाइली नवीन अकाउंट बनवताना सिस्टिम स्वतः घालते. त्या आधीपासून होत्या, म्हणून कॉपीने त्यांच्यातला मजकूर बदलला पण मालक तोच राहिला. बाकी सगळं 'सुडो'ने, म्हणजे रूटच्या हाताने, नवीन लिहिलं गेलं. ज्याच्या हाताने फाइल जन्माला येते, मालकी त्याची. मी मुलींचं सामान नवीन घरात नेऊन ठेवलं आणि प्रत्येक वस्तूवर रूटचं नाव टाकून आले!

इथे मला बाबा आठवले. आमच्याकडे घर आमचं, माड आमचे, राहतो आम्ही, पण सातबाऱ्यावर पणजोबांच्या काळापासूनची अठरा नावं. त्यातले काही मुंबईला, काही कुठे ते देवाला माहीत. घराच्या मागे एक पडवी वाढवायची म्हटलं तरी कागद अडतो. सिंधुदुर्गात ज्याच्या घरी ही गोष्ट नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. तर 'एलएस मायनस एल' म्हणजे फाइलचा सातबारा. आत कोण राहतो ते मशीन विचारत नाही, नाव कोणाचं लागलंय ते बघतं. आणि 'सीएच-ओन' म्हणजे फेरफार. फरक इतकाच की हा फेरफार एका सेकंदात होतो, तहसीलला खेपा नाहीत.

पण मालकी चुकली तर काळ्या पडद्यावर आत घेतलं आणि डेस्कटॉपवर नाही, हे कसं? कारण काळ्या पडद्याला विशेष काही लिहावं लागत नाही, तुमची बॅशआरसी वाचली की काम झालं. डेस्कटॉपचं तसं नाही. मिंटमध्ये लॉगिन झालं की लगेच तुमच्या घरातल्या ठिपका-एक्सऑथॉरिटी नावाच्या फाइलमध्ये एक गुप्त खूण लिहिली जाते. तिला खरोखरच मॅजिक कुकी म्हणतात. ती खूण दाखवेल त्याच प्रोग्रॅमला स्क्रीनवर चित्र काढू दिलं जातं. फाइल रूटच्या नावावर आणि परमिशन ६००, म्हणजे वाचायला-लिहायला फक्त मालक. 'अभ्यास'ला ती लिहिता येत नाही, खूण बनत नाही, सेशन तिथेच मरतं आणि लॉगिनचा पडदा पुन्हा पुढे येतो. मशीन गप्प नव्हतं हो. लाइटडीएमच्या लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' असं फाइलच्या नावासकट लिहिलेलं होतं. फक्त तिकडे कोणी बघितलं नव्हतं.

इलाज म्हणजे अॅडमिनच्या अकाउंटमधून एक ओळ. 'सुडो सीएच-ओन मायनस आर अभ्यास:अभ्यास /होम/अभ्यास'. रात्री सव्वाअकराला डेस्कटॉप आला, जुन्या वॉलपेपरसकट. रिपोर्ट जागच्या जागी. खरं म्हणजे तो कधीच कुठे गेला नव्हता. वाचायची परमिशन सगळ्यांना होती, काळ्या पडद्यावरूनही पेनड्राइव्हवर घेता आला असता. फॉरमॅटने मात्र नक्की गेला असता.

आता माझं मत. आपण फॉरमॅटला दुरुस्ती म्हणतो, हेच मला पटत नाही. पायाला काटा लागला म्हणून कोणी पाय बदलत नाही. आणि वेळ वाचतो म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा. फॉरमॅट अर्धा तास, मग प्रिंटर, मग फॉन्ट, मग सगळ्या लायब्ररी पुन्हा टाकणं, मग 'माझी फाइल कुठे गेली'ची रडारड. आमची दुरुस्ती चाळीस मिनिटांत झाली, त्यातली तीस विचार करण्यात गेली.

पण वेळेपेक्षा एक गोष्ट जास्त खुपते. फॉरमॅटने पुरावा जातो. ते तीन नावं वेगळी असलेलं लिस्टिंग बघून मला कळलं की चूक नेमकी कुठे झाली. सकाळी दहाला ते पुसलं गेलं असतं, 'लिनक्स बेभरवशाचं' असा निकाल लागला असता, आणि मी? मी सुटले असते. कोणालाच कळलं नसतं. कबूल करते, त्या संध्याकाळी गर्दीत उभी असताना क्षणभर मला ते बरं वाटलं होतं. फॉरमॅट एवढा लोकप्रिय का आहे, त्याचं हे एक कारण असावं. त्यात कोणाचंच नाव येत नाही.

दुसरा लोकप्रिय इलाज त्याहून वाईट, तो म्हणजे ७७७. त्या रात्री एका सीनियर दादाला फोन केला होता. त्याने लगेच सांगितलं, "सीएच-मोड मायनस आर ७७७ मार होम फोल्डरवर, विषय संपला." मी मारलं नाही. मारलं असतं तर बहुतेक लॉगिन झालंही असतं, आणि तीच तर गोम आहे. ७७७ म्हणजे मालक, ग्रुप आणि जगातले बाकी सगळे, प्रत्येकाला वाचा, लिहा, चालवा. घराची किल्ली हरवली म्हणून चारही भिंती पाडायच्या आणि म्हणायचं, बघ, आत जाता आलं ना! मालक तसाच रूट राहतो आणि मशीनवरचं कुठलंही अकाउंट तुमचा रिपोर्ट बदलू शकतं. एसएसएचची खाजगी की अशी उघडी टाकलीत तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं, आणि बरोबर करतं. जुन्या उबुंटूत तर होम फोल्डर दुसऱ्यांना लिहिता येण्यासारखा असला की लॉगिनलाच ठिपका-डीएमआरसीची परमिशन चुकीची आहे म्हणून पाटी यायची. ती पाटी बघून लोक अजून एक ७७७ मारायचे!

आणि हेच कोणी नुसत्या स्लॅशवर, म्हणजे अख्ख्या सिस्टिमवर मारलं तर बघायलाच नको. तुमचा पासवर्ड ज्या शॅडो फाइलमध्ये असतो ती तुम्हाला उघडतासुद्धा येत नाही, तरी तुम्ही स्वतःचा पासवर्ड बदलू शकता. कसं? पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर सेट-यूआयडी नावाचा बिट असतो. त्यामुळे तो प्रोग्रॅम चालतो तेवढ्यापुरता मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालतो. ही कल्पना बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांची, १९७९ साली तिचं पेटंट मिळालं. 'सुडो' याच बिटावर उभं आहे. सगळीकडे ७७७ फिरवलं की फाइलींवरचा हा बिट पुसला जातो आणि 'सुडो' स्वतःच म्हणतं, मी चालणार नाही. मग दुरुस्त करणार कशाने? टेम्प फोल्डरचा स्टिकी बिटही जातो. तो १७७७ मधला पहिला एक. त्याच्यामुळेच टेम्पमध्ये लिहितात सगळे, पण दुसऱ्याची फाइल उडवता येत नाही. त्यानंतर मात्र फॉरमॅटवाल्याला बोलवायला माझी हरकत नाही.

'सीएच-ओन'सुद्धा जपून हं. ठिपकेवाल्या फाइली पकडायला काहीजण 'ठिपका-तारा' लिहितात. जुन्या बॅशमध्ये तो पॅटर्न दोन ठिपक्यांनाही, म्हणजे वरच्या फोल्डरलाही पकडतो. मग 'मायनस आर' वर चढून सगळ्यांची घरं तुमच्या नावावर करून टाकतं. फोल्डरचं पूर्ण नाव लिहावं, सरळ.

शिवाय लॉगिनचा असा झोका प्रत्येक वेळी मालकीमुळेच होतो असं नाही. डिस्क शंभर टक्के भरली की अगदी हेच होतं, कारण खूण लिहायला जागाच उरत नाही. बॉइज हॉस्टेलच्या वाचकांनी 'डीएफ मायनस एच' मारून बघावं आणि सिनेमांचं फोल्डर आठवावं. नोम आणि जीडीएम असलेल्या उबुंटूत ती कुकी आता घरात नसतेच, रन फोल्डरमध्ये असते. तिथे ठिपका-कॉन्फिग, ठिपका-कॅश आणि ठिपका-लोकल यांच्यावर कोणाचं नाव आहे ते बघायचं. फाइलचं नाव बदलेल, प्रश्न तोच राहील. हे कोणाचं आहे आणि त्याला लिहिता येतंय का?

आता थोडं कॉलेजबद्दल. स्टाफनी राग मानू नये. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला परमिशनवर चार मार्कांचा प्रश्न हमखास येतो. आर म्हणजे चार, डब्ल्यू म्हणजे दोन, एक्स म्हणजे एक, ७५५ चं स्पष्टीकरण लिहा. आपण सगळे लिहितो, मार्क पडतात. पण फोल्डरला एक्झिक्यूट परमिशन कशासाठी, फोल्डर काय रन होतं का, असं कोणी ओरलला विचारलं तर अर्धा वर्ग वर बघतो. (फोल्डरच्या बाबतीत एक्स म्हणजे आत शिरायची परवानगी. मला हे त्या रात्री कळलं, ठिपका-कॉन्फिगच्या दारात अडकल्यावर. चार मार्क मला दोन सेमिस्टर आधीच मिळाले होते.) लॅबमध्ये सगळ्यांना एकच अकाउंट, एकच पासवर्ड, तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला. जिथे सगळंच सगळ्यांचं आहे तिथे परवानगी ही गोष्ट शिकणार कशी?

कोणी म्हणेल, मुलांना अॅडमिन दिलं तर मोडतोड करतील. करतीलच! मीच केली की. पण मी ज्या एका रात्रीत शिकले ते मला प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून आलं नव्हतं. आणि मोडलेलं मशीन म्हणजे तोटा असं का धरायचं? बाद झालेले पीसी स्टोअररूममध्ये पडून आहेत. त्यातल्या दोनावर मुद्दाम लॉगिन बिघडवून ठेवावं. एकावर मालक चुकलेला, दुसऱ्यावर डिस्क भरलेली. एक तास द्यावा, इंटरनेट बंद. फॉरमॅट केला तर शून्य मार्क. रिपोर्ट वाचवला आणि कारण सांगितलं तर पूर्ण.

तोपर्यंत ज्यांना स्वतः बघायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे व्हिडिओ आहेत, फुकट आणि मराठीतही. मालकी आणि परमिशनवर त्यात एक वेगळा धडा आहे. मी कॉन्व्हेंटवाली असून तो मराठीतच ऐकला. इंग्लिशमध्ये 'ओनरशिप' हा शब्द शंभर वेळा वाचला होता, पण मालकी म्हटलं की आमच्या घराचा सातबारा डोळ्यासमोर येतो. तो इंग्लिशमध्ये कधी आला नाही.

हॉस्टेलपुरतं आम्ही थोडं बदललंय. 'अभ्यास' अकाउंट बंद, प्रत्येक विंगला आपापलं. अॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे आणि रेक्टर मॅडमकडे बंद पाकिटात. कॉपी करायची वेळ आली तर आता मी 'सीपी मायनस ए' लावते, त्याने मालक आणि परमिशन जशाच्या तशा येतात. नव्या मशीनवर युजर नंबर वेगळा निघाला तर 'सीएच-ओन' करावं लागतंच. आणि एसटी चुकली तरी चालेल, पण लॉगिन करून बघितल्याशिवाय उठत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "हे काल सांगितलं असतंस तर पोरी जेवल्या तरी असत्या." आचऱ्याच्या ताईने दोन दिवस अबोला धरला, रिव्ह्यू नीट झाल्यावर सोडला.

प्रॅक्टिकलची कल्पना मी आमच्या सरांना लिहून दिली आहे. सिलॅबसमध्ये जागा नाही, पण सबमिशन झाल्यावर एका शनिवारी दोन मशीन देतो म्हणालेत. पीसीच्या बाजूला आम्ही सुतळीने एक वही बांधून ठेवली आहे. ज्याने जे केलं ते तारखेसकट त्यात लिहायचं. पहिली नोंद माझी: 'जुन्या डिस्कवरून सुडोने कॉपी केलं, तपासलं नाही, त्यामुळे लॉगिन बंद. सीएच-ओनने दुरुस्त.' खाली सही.

दुसरी नोंद परवाची आहे, बिनसहीची: 'प्रिंटर चालत नाही. मी काही केलं नाही.'